लिटर म्हणजे किलो नाही भाऊ! घनता, वस्तुमान अन् आकारमान: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात मानेवाड्याकडे आठवी ते दहावीच्या पोरांची सायन्सची शिकवणी घेतो. पोरं सूत्र पाठ करून मोकळी होतात, खरे प्रश्न येतात ते त्यांना न्यायला आलेल्या आईबाबांकडून, कोणाचं घर बांधणं सुरू असते, कोणाला दुधावर डाऊट असतो, कोणी तेलाचं पाकीट घेऊनच येते. तेच तेच सांगून राहिलो तीन-चार वर्षांपासून, म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

सर, एक लिटर म्हणजे एक किलोच नं?

पाण्याचं हो. बाकी कशाचंच नाही, अन् निम्मा गोंधळ इथूनच सुरू होते. लिटर सांगते वस्तूनं जागा किती घेतली, म्हणजे आकारमान. किलो सांगते त्यात माल किती आहे, म्हणजे वस्तुमान. एका लिटरच्या जागेत किती किलो माल बसला ती घनता. एक लिटर दूध १ किलो ३० ग्रॅमच्या आसपास भरते, खायचं तेल ९१०-९२० ग्रॅम, पेट्रोल साधारण पाऊण किलो, मध जवळपास १ किलो ४०० ग्रॅम. म्हणून तर मधाची बाटली हातात घेतली की दिसते त्यापेक्षा जड लागते.

सूत्र कोणतं? गुणायचं की भागायचं तेच विसरायला होते.

घनता = वस्तुमान ÷ आकारमान. पोरं त्रिकोण काढून पाठ करतात, मला तो त्रिकोण आवडत नाही कारण परीक्षेत उलटा आठवला की सगळंच गेलं. त्यापेक्षा एकक वाचा. 'ग्रॅम प्रति मिली' मध्येच लिहिलं आहे की ग्रॅमला मिलीनं भागलं. तेल ०.९२ ग्रॅम प्रति मिली, म्हणजे एका मिलीत ०.९२ ग्रॅम, तं ५०० मिलीत किती? ५०० × ०.९२ = ४६० ग्रॅम. उलट, ४६० ग्रॅम तेलाला भांडं किती मोठं लागेल? ४६० ÷ ०.९२ = ५०० मिली. झालं, त्रिकोण कायले पायजे.

एककांत एवढंच लक्षात ठेवा की १ ग्रॅम प्रति मिली, १ किलो प्रति लिटर अन् १००० किलो प्रति घनमीटर हे तिन्ही एकच आहेत. पुस्तकात पेट्रोल ७४० अन् पाणी १ दिसलं तं घाबरू नका, एकक वेगळं आहे फक्त. मार्क जातात ते इथेच, सूत्रात नाही.

घरी तेलाची, मधाची घनता काढता येते का? लॅब नाही आमच्याकडे.

लॅब नाही लागत, किचनमधला एक ग्रॅमचा डिजिटल काटा अन् पाण्याची रिकामी बाटली बस आहे. बाटलीवर ५०० मिली लिहिलेलं असते त्यावर अजिबात विसंबू नका, ते खालच्या रेघेपर्यंतचं असते, काठापर्यंत जास्त मावते.

माझ्या घरचा हिशोब देतो. कोरडी बाटली झाकणासकट २२ ग्रॅम. काठोकाठ पाणी भरून ५३४. म्हणजे पाणी ५१२ ग्रॅम, म्हणून बाटलीचं खरं आकारमान ५१२ मिली. मग बाटली नीट वाळवली (इथे आळस केला की उत्तर चुकते) अन् त्याच काठापर्यंत फल्ली (शेंगदाणा) तेल भरलं, वजन आलं ४९०. तेल ४६८ ग्रॅम. ४६८ ÷ ५१२ = ०.९१४. फल्ली तेलाचा आकडा पुस्तकात ०.९१ ते ०.९२ असाच सापडते. मधाला हीच पद्धत, पण बुडबुडे बसेपर्यंत थांबा, अन् बाटली धुवायची तयारी ठेवा.

पाण्याची घनता बरोबर १ ही ४ अंश सेल्सिअसला असते. ४० अंशाला ती ०.९९२ होते, घरच्या कामाला हा फरक सोडून द्या.

दगड, वांगं, अंगठी असं वेडंवाकडं असलं तं आकारमान कसं मोजायचं?

लांबी-रुंदी-उंचीचा नाद सोडा. पाण्यात बुडवा. मापाच्या ग्लासात पाणी किती चढलं ते पाहायची पद्धत पुस्तकात आहेच, पण घरच्या ग्लासावरच्या रेघा इतक्या जाड असतात की पाच-दहा मिली इकडे तिकडे होतेच.

त्यापेक्षा हे करा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्य करा. वस्तूला दोरा बांधा अन् हातानं धरून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिली त्या वस्तूचं आकारमान. वस्तू पाण्याला जेवढं बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोरानं पाणी तिला वर ढकलते, अन् तेवढ्याच जोरानं वस्तू पाण्याला खाली दाबते, तोच जोर काटा दाखवते. आर्किमिडीजचाच नियम आहे, फक्त टबाऐवजी ग्लास.

माझ्याकडे एका पोरानं मनसरकडून आणलेला मँगनीजचा दगड आहे, तिकडे खाणीच आहेत. वजन ३१८ ग्रॅम, काट्यानं दाखवलं ७६. म्हणजे ३१८ ÷ ७६ = ४.१८. अंगणातला काळा दगड, आपला बेसाल्ट, तो २.८ ते ३ च्या मधे येते. पोरांना डोळे मिटून एकसारख्या साइजचे दोन दगड हातात देतो, मँगनीजवाला घेतल्याबरोबर हात खाली जाते. त्या दिवशी घनता समजावून सांगावी लागत नाही.

संत्रं सालीसकट तरंगते अन् सोललं की बुडते, हे खरं की व्हिडिओतली गंमत?

खरं आहे, अन् नागपुरी संत्र्यावर तं फारच छान दिसते कारण आपल्या संत्र्याची साल सुटी असते, साल अन् फोडींच्या मधे हवा असते, शिवाय सालीचा आतला पांढरा भाग स्पंजासारखा. साल म्हणजे संत्र्याचं लाइफ जॅकेटच.

आकडे घ्या. एक संत्रं १५० ग्रॅम. तरंगते म्हणून सुईनं दाबून पूर्ण बुडवलं (सुईच, बोट नाही, बोटही पाणी सारते), काट्यावर १६५ आलं. १५० ÷ १६५ = ०.९१, पाण्यापेक्षा कमी, म्हणून तरंगलं. मग सोललं, फोडी सुट्या केल्या, ११२ ग्रॅम अन् १०८ मिली. घनता १.०४, गेल्या तळाला. आता साल अन् तिच्यातली हवा मिळून किती? ३८ ग्रॅम माल अन् ५७ मिली जागा, म्हणजे ०.६७. वस्तुमान कमी झालं तरी संत्रं बुडलं, कारण आकारमान त्याहून जास्त कमी झालं. नववीतल्या पोराला हे वाक्य स्वतःहून बोलता आलं की समजा त्याला चॅप्टर आला.

सोललेलं संत्रं अख्खं टाकलं तं कधी कधी बुडत नाही, कारण फोडींच्या मधोमध पोकळी असते. 'सर तुमचा प्रयोग फेल' म्हणू नका, फोडी सुट्या करा. अन् बाजारात दोन सारख्याच साइजच्या संत्र्यांतलं हाताला जड लागणारं घ्या, पोला माल हलका असते. म्हातारी माणसं संत्रं हातात झेलून पाहतात ते हेच, सूत्राशिवाय घनता काढून राहतात ते.

तेलाच्या पाकिटावर १ लिटर अन् खाली ९१० ग्रॅम लिहिलेलं असते. ९० ग्रॅम कापले का?

नाही काकू, कोणी कापले नाही. १ लिटर तेल भरतेच तेवढं. पण पंधरा किलोचा डबा अन् पंधरा लिटरचा डबा यात फरक आहे, तो मात्र पाहून घ्या. १५ लिटर तेल म्हणजे १५ × ०.९१ = १३.६५ किलो. भाव विचारताना 'किलोचा की लिटरचा' हे आधी विचारा, दुकानदार खोटं बोलत नसते, आपणच विचारत नाही.

आता यात तापमान घुसते. तेल तापलं की फुगते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश अन् डिसेंबरात रात्री १० अंश. वजन तेच राहते, लिटर बदलतो. दर अंशाला साधारण ०.०७ टक्के धरा, म्हणजे ३० अंशांच्या फरकाला दोन टक्के. म्हणून मला विचाराल तं दोन कंपन्यांच्या पाकिटांची तुलना ग्रॅमनं करा, लिटरनं नको.

दुधात पाणी आहे का हे घनतेनं कळते?

अर्धं कळते. चांगल्या दुधाची घनता १.०२८ ते १.०३२ च्या आसपास. लॅक्टोमीटरवर (दुधात तरंगवून घनता पाहायची नळी) ३० लिहिलं असते त्याचा अर्थ १.०३० एवढाच. आता हिशोब करा: ८०० मिली दूध अन् २०० मिली पाणी मिळवलं तं वजन ८०० × १.०३ + २०० = १०२४ ग्रॅम, घनता १.०२४. लॅक्टोमीटर २४ दाखवेल, पकडलं.

पण दूधवाला हुशार असला तं आधी साय काढून घेते. साय म्हणजे स्निग्धांश, तो पाण्यापेक्षा हलका, तो निघाला की उरलेल्या दुधाची घनता वाढते, मग त्यात पाणी घातलं की आकडा परत ३० वर. साखर घातली तरी तेच. म्हणजे आकडा कमी आला तं गडबड नक्की समजा, आकडा बरोबर आला म्हणून दूध शुद्ध समजू नका. घरच्या काट्यावर हे करायचं असेल तं पूर्ण लिटर घ्या, एका कपात हा फरक एक-दीड ग्रॅमचा असते अन् काट्याची चूकच तेवढी असते. आणि दूध गरम असताना तं मोजूच नका.

कुलरची टाकी किती लिटरची आहे? अन् खिडकीचा स्टँड तेवढं वजन पेलेल का?

हा प्रश्न मार्च संपला की सुरू होते. टाकीची लांबी, रुंदी अन् पाण्याची उंची फुटात मोजा, गुणा, मग २८.३ नं गुणा. एका घनफुटात २८.३ लिटर बसतात. अडीच बाय अडीचचा कुलर, पाणी ८ इंच म्हणजे ०.६७ फूट. २.५ × २.५ × ०.६७ = ४.१९ घनफूट, गुणिले २८.३ म्हणजे जवळपास ११८ लिटर. अन् पाणी आहे म्हणून ११८ किलो. त्यात कुलरचा पत्रा, मोटर, ओल्या ताट्या वेगळ्या. म्हणजे स्टँडवर दोन माणसं रात्रभर बसवली असं समजा.

हे मी अनुभवातून सांगून राहिलो. आमच्या मागच्या खिडकीला अँगलचा स्टँड करून घेतला होता, करणारा म्हणाला कुलर तीस किलोचा आहे, आरामात पेलते. रिकामा कुलर तोलला त्यानं, अन् सायन्स शिकवणाऱ्या मीही पाणी मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे एक पाय वाकला अन् सगळं पाणी खालच्या काकांच्या वाळवणावर. कुरड्या होत्या. त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

घर बांधून राहिलो. रेती ब्रासनं येते, ती किती टन?

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कोरडी सुटी रेती घनमीटरला साधारण १६०० किलो धरली तं साडेचार टन. पण इथे एक गंमत आहे जी बहुतेकांना माहीत नसते. कन्हानची असो की कुठलीही, ओलसर रेती फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसते अन् दाणे एकमेकांपासून लांब राहतात, पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली तं आकारमान वीस-तीस टक्के वाढू शकते. अन् तुम्ही पैसे देता आकारमानाचे!

तपासायची रीत सोपी. सरळ उभ्या डब्यात ओलसर रेती भरा, उंची मोजा, समजा २० सेंमी. मग वरून पाणी ओतून पूर्ण भिजवा, हलवा, बसू द्या. आता १६ सेंमी झाली. म्हणजे फुगवटा ४ ÷ १६ = २५ टक्के. तुमच्या १०० घनफुटात खरी रेती ८० घनफूटच आली. पूर्ण भिजलेली रेती फुगलेली राहत नाही हे विशेष, अर्धवट ओलीच लबाडी करते.

सिमेंटची बॅग ५० किलो, सुटं सिमेंट घनमीटरला १४४० किलो धरतात, म्हणून एक बॅग जवळपास ३५ लिटर जागा घेते. मिस्त्री मापाचा डबा वापरते तो यावरूनच.

सळईचं वजन काढायला 'डी स्क्वेअर भागिले १६२' म्हणतात, हे १६२ आलं कुठून?

लोखंडाच्या घनतेतून. डी म्हणजे सळईचा मिलिमीटरमधला व्यास. सळईच्या पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर. एक मीटर सळईचं आकारमान म्हणजे गोलाचं क्षेत्रफळ गुणिले एक मीटर, त्याला ७८५० नं गुणून मिलिमीटरचा हिशोब लावला की १६२ उरते. १२ एमएमची सळई: १४४ ÷ १६२ = ०.८९ किलो प्रति मीटर, १२ मीटरचा नग साधारण १०.७ किलो. एक तुकडा कापून काट्यावर ठेवा, पाहा किती येते. थोडा फरक चालतो, पण १२ मीटरच्या नगाला ९.५ च्या हिशोबानं आलं तं विचारा.

एक वाटी कणीक म्हणजे किती ग्रॅम?

वाटी कोणाची, अन् भरली कोणी? पिठाच्या दाण्यांमधे हवा असते, त्यामुळे त्याची अशी एकच घनता नसतेच. माझ्या घरच्या २०० मिलीच्या वाटीत चाळलेली कणीक १०४ ग्रॅम बसली, तीच दाबून भरली तं १३२. साखर त्याच वाटीत १७० च्या आसपास, मुरमुरे तं विचारूच नका. साखरेच्या एकेका दाण्याची घनता १.५९ आहे, पण वाटीभर साखरेची ०.८५, बाकीची जागा हवेची. जुन्या काळी पायलीनं धान्य मोजायचे तेही आकारमानच होतं, म्हणून ज्वारीची पायली अन् तुरीची पायली वजनाला सारखी येत नसे. केक करायचा असेल तं वाटी ठेवा अन् काटा काढा. पोह्याला वाटीच बरी, तिथे तर्री महत्त्वाची.

तर्री वरच का राहते?

तेल ०.९२, खालचा रस्सा १ च्या वर कारण त्यात मीठ-मसाला विरघळलेला. बस एवढंच. ढवळून काही होत नाही, सावजीचा रस्सा दहा मिनिटं ठेवा, परत वर.

पेट्रोल पंपावर डेन्सिटी लिहिलेली असते, तिचं काय करायचं?

पेट्रोलची घनता १५ अंशाला ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर यात असायला पायजे. पंपावर हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी), थर्मामीटर अन् जार असते, ग्राहकाला तपासून मागता येते. पण आपल्या उन्हात ४० अंशाचं पेट्रोल मोजलं तं ७४५ वालं ७२०-७२५ दाखवेल, त्यावरून भांडण करू नका, टेबल पाहून १५ अंशावर आणायचं अन् मग पंपाच्या नोंदीशी जुळवायचं, ३ पेक्षा जास्त फरक नको. सकाळी लवकर भरलं तं जास्त मिळते म्हणतात, पण टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फार हलत नाही. झोपा.

सोनं खरं आहे का हे पाण्यात बुडवून कळेल?

शुद्ध सोनं १९.३, २२ कॅरेट १७.७ च्या आसपास, १८ कॅरेट साडेपंधराच्या जवळ, पितळ साडेआठ. फरक मोठा आहे, पण दागिना लहान असते. २४ ग्रॅमची बांगडी २२ कॅरेटची असेल तं १.३६ मिली, १८ कॅरेटची असेल तं १.५५ मिली. एक ग्रॅमच्या काट्यावर हे दिसणारच नाही, ०.०१ ग्रॅमवाला काटा लागते. वरून पोकळ दागिना, आत लाख भरलेली, खडे बसवलेले, की सगळा हिशोब बिघडला. अन् टंगस्टन १९.२५ आहे, त्यावर सोन्याचा मुलामा असला तं आर्किमिडीजही फसेल. इतवारीच्या सराफ्यात जा की कुठेही, हॉलमार्क अन् सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) पाहा. प्रयोग पितळेच्या लोट्यावर करा.

आइस्क्रीम लिटरमधे का विकतात, किलोत का नाही?

कारण त्यात हवा फेटलेली असते अन् हवा लिटरमधे मोजली जाते, किलोत नाही! आपल्याकडे नियमानं एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम पायजे. म्हणजे लिटरभर डब्यात अर्धा किलोच्या थोडंसं वर माल असला तरी कायदेशीर. मटक्यातली कुल्फी बिनहवेची, म्हणून घट्ट लागते.

पावसाचे मिलिमीटर लिटरमधे कसे करायचे?

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. १००० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पडला होता, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला तो दिवस. १०० धरले तरी एका स्लॅबवर ९३०० लिटर, म्हणजे ९.३ टन पाणी. असे किती स्लॅब अन् किती रस्ते, गुणाकार तुम्हीच करा.

हवेलाही वजन असते का हो?

दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. १२०० घनफूट म्हणजे ३४ घनमीटर. आपल्याकडच्या हवेची घनता ३० अंशाला साधारण १.१२ किलो प्रति घनमीटर. ३४ × १.१२ = ३८ किलो. पोरांना हे सांगितलं की ते आधी छताकडे पाहतात.

५० मिली पाणी अन् ५० मिली स्पिरिट मिसळलं तं १०० मिली होते नं?

होत नाही, ९६-९७ च्या आसपास येते. दोघांचे रेणू एकमेकांत जास्त जवळ बसतात. वस्तुमानाची बेरीज मात्र पक्की, तिथे एक ग्रॅमही कमी होत नाही. म्हणून मिश्रणाचा हिशोब नेहमी ग्रॅमनं करा, शेवटी नवं आकारमान मोजा अन् मग घनता काढा. दोन घनतांची सरासरी घेऊन आलेली वही मी तपासतच नाही, परत देतो.

आमचा काटाच चुकीचा असेल तं?

अर्ध्या लिटरची दुधाची बंद पिशवी ठेवून पाहा. दूध ५१५ अन् प्लास्टिकचे दोन-तीन ग्रॅम, ५१७-५१८ च्या आसपास यायला पायजे. माझा काटा ५१२ दाखवत होता, नवीन सेल टाकले, ५१७.